चौकशीला जा, आणि प्रत्येक तारखेचा कागद घरी आणा

प्रश्न : मी चाकणच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला ऑपरेटर आहे. कायम कामगार, अकरा वर्षं झाली. कारखान्यात आम्ही चारशेच्या वर कामगार आहोत. तिसऱ्या पाळीत डाय (प्रेसमधला साचा) तुटली आणि त्यावरून सुपरवायझरशी माझी बाचाबाची झाली. मी आवाज चढवला हे खरं आहे, पण शिवी दिली नाही, अंगावर गेलो नाही. दुसऱ्या दिवशी गेटवरच निलंबनाचं पत्र हातात दिलं. मग इंग्रजीत आरोपपत्र आलं : शिवीगाळ, धमकी, शिस्तभंग. चौकशी अधिकारी कंपनीचे नेहमीचे वकील आहेत. पहिल्या तारखेला त्यांनी मलाच आधी प्रश्न विचारले आणि टाइप केलेल्या तीन पानांवर सही मागितली. मी दिली नाही. निलंबनातला अर्धा पगारही दोन महिने मिळालेला नाही. मित्र म्हणतात, हे सगळं ठरलेलं आहे, चौकशीला जाऊच नको, कोर्टात बघू. काय करू?

उत्तर : दादा, जा. पुढच्या तारखेला जा आणि नंतरचीही एक तारीख चुकवू नका.

मी आज कामगार न्यायालयात वकिली करतो. त्याआधी भोसरीत लेथवर काम करायचो आणि युनियनतर्फे बचाव प्रतिनिधी म्हणून कितीतरी चौकश्यांना बसलो. तुमच्या मित्रांचा राग मला कळतो, पण सल्ला घात करणारा आहे. तुम्ही गेला नाहीत तर चौकशी अधिकारी एकच वाक्य लिहितील : ‘कामगार हेतुपुरस्सर गैरहजर.’ मग सुपरवायझर येईल, त्याचे दोन साक्षीदार येतील, उलटतपासणीला समोर कोणी नसेल आणि जे सांगितलं जाईल तेच खरं म्हणून कागदावर उतरेल. काही वर्षांनी न्यायाधीशांपुढे तेच कागद जातात. त्या रात्री तुमच्या शेजारच्या प्रेसवर असलेला मुलगा तोवर नोकरी सोडून गावी गेलेला असतो.

आणखी एक गोष्ट तुमच्या मित्रांना सांगा. चौकशी सदोष होती असं कोर्टाने म्हटलं की नोकरी आपोआप परत मिळते, असं नाही. फायरस्टोन टायरच्या खटल्यात १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की चौकशी रद्द ठरली तरी मालकाला तेच आरोप न्यायालयात नव्याने पुरावा देऊन सिद्ध करता येतात. म्हणजे सुपरवायझरची साक्ष कधी ना कधी मोडावीच लागणार. ती आत्ता मोडा, घटना ताजी असताना.

आता तुम्हाला आधी प्रश्न विचारले त्याबद्दल. हा तुमच्या प्रकरणातला सर्वांत मोठा दोष आहे. पश्चिम बंगालमधल्या मीनग्लास चहामळ्याचं प्रकरण १९६३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलं होतं. मॅनेजरवर हल्ला केल्याचा कामगारांवर आरोप होता आणि ज्यांच्यावर हल्ला झाला तेच चौकशीला बसले. साक्षीदार एकही तपासला नाही, कामगारांनाच उभं करून प्रश्न विचारले. न्यायालयाने ती चौकशी मानली नाही. ज्याच्यावर आरोप आहे त्याला नुसता आरोप कळून भागत नाही, तो कोणत्या साक्षीवर उभा आहे हे त्याच्यासमोर यायला हवं, साक्षीदाराला प्रश्न विचारता यायला हवेत आणि मग आपली बाजू मांडता यायला हवी. क्रम हाच : आधी कंपनीचे साक्षीदार, मग तुम्ही त्यांची घेतलेली उलटतपासणी, मग तुमची बाजू. पुढच्या तारखेला बसल्याबरोबर हा आक्षेप लेखी अर्जाने द्या आणि तो रोजनाम्यात, म्हणजे चौकशीच्या रोजच्या नोंदीत, घ्यायला सांगा. अर्ज साध्या मराठीत हाताने लिहिलेला चालतो. दोन प्रती न्या आणि एकीवर सही, तारीख, शिक्का घ्या. घ्यायला नकार दिला तर त्याच दिवशी एचआरला ईमेल करा आणि वर स्पीड पोस्टने पाठवा. तोंडी आक्षेपाला पुढे काहीही किंमत राहत नाही, हे मी जीव तोडून सांगतो.

सही नाकारलीत तेव्हा तुम्ही घाबरला होतात, त्यात तुमची काही चूक नाही. पण यापुढे सही नाकारण्यापेक्षा शेरा मारून सही करणं जास्त उपयोगाचं. ‘मजकूर इंग्रजीत आहे, मला मराठीत वाचून दाखवला नाही’ किंवा ‘मी सांगितलेलं वाक्य अमुक होतं, ते लिहिलेलं नाही’ असं स्वतःच्या हाताने लिहा, खाली सही करा आणि प्रत मागून घ्या. आरोपपत्राचा मराठी तर्जुमा आणि चौकशीचं कामकाज मराठीत, ही मागणीही पहिल्याच अर्जात करा.

आरोपपत्र पुन्हा नीट वाचा. ‘शिवीगाळ केली’ एवढंच असेल तर नेमके कोणते शब्द, किती वाजता, कोणासमोर, हे लेखी मागा. शब्दच सांगितले नाहीत तर माणूस नाकारणार तरी काय? सोबत कागद मागा : सुपरवायझरने त्या रात्री दिलेला मूळ रिपोर्ट, पाळीचं लॉगबुक, टूल रूममधली त्या डायची देखभालीची नोंद, त्या पाळीची हजेरी. शॉपमध्ये कॅमेरे असतील तर त्या रात्रीचं चित्रण जपून ठेवण्याची मागणी आजच करा, कारण कॅमेऱ्यातलं जुनं चित्रण काही दिवसांनी पुसलं जातं. मागूनही दिलं नाही तर ते नाकारणंच पुढे तुमच्या बाजूने बोलतं.

उलटतपासणीत भांडू नका. छोटे प्रश्न विचारा आणि उत्तर लिहून होईपर्यंत थांबा. प्रेस शॉपमध्ये मी उभा राहिलेलो आहे. तिथे कानात इअरप्लग घालून शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. तेव्हा साक्षीदाराला विचारा : तुम्ही कोणत्या प्रेसवर होता, तिथून अंतर किती, त्या वेळी मशीन चालू होती का, इअरप्लग घातले होते का. मग विचारा, नेमके शब्द काय ऐकलेत. दोन साक्षीदारांनी वेगवेगळे शब्द सांगितले किंवा दोघांनी तंतोतंत एकच पाठ केलेलं वाक्य म्हटलं, तर दोन्हींचा उपयोग होतो. डाय आधीपासून खराब होती का आणि त्याबद्दल तुम्ही कोणाला सांगितलं होतं का, हेही सुपरवायझरच्या तोंडून रेकॉर्डवर येऊ द्या. भांडण कशावरून पेटलं ते त्याशिवाय कोणाला कळणार नाही.

तुमच्यासोबत सहकारी कामगार किंवा युनियनचा पदाधिकारी बसू शकतो, तशी मागणी करा. वकील मात्र सरसकट मिळत नाही. पण कंपनीची बाजू मांडायला कायद्याचा माणूस बसवला असेल तर चित्र बदलतं. मुंबई बंदराच्या विश्वस्त मंडळाच्या प्रकरणात नेमकं हेच झालं होतं : मंडळाने कायदा शिकलेले अधिकारी सादरकर्ते म्हणून नेमले आणि कर्मचाऱ्याला वकील नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने हे अन्यायकारक ठरवलं. चौकशी अधिकारीच कंपनीचे वकील आहेत, या मुद्द्यावर मात्र फार वेळ घालवू नका. नुसतं तेवढ्यावरून पक्षपात सिद्ध होत नाही, असं न्यायालयांनी पूर्वीच सांगितलंय. ते कसे वागले, हे दाखवावं लागतं. साक्षीदारांऐवजी तुम्हालाच आधी प्रश्न विचारले, हे तसं वागणं आहे.

निर्वाह भत्त्याचं, म्हणजे निलंबनात मिळायच्या पगाराचं, तातडीने घ्या. निलंबनाचे पहिले ९० दिवस निम्मं वेतन, पुढे तुमच्यामुळे उशीर झाला नसेल तर पाऊणपट, असा नियम जुन्या स्थायी आदेशांच्या (कारखान्यातल्या नोकरीच्या लेखी नियमांच्या) कायद्यात होता आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. चौकशी साधारणपणे ९० दिवसांत पूर्ण करावी असंही ती संहिता म्हणते. दुसरीकडे नोकरी करत नसल्याचं लेखी देऊन भत्ता मागा आणि भत्ता न मिळाल्याने चौकशीला येण्याचाही खर्च परवडत नाही असं त्यात लिहा. कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या एका सुरक्षा अधिकाऱ्याला निलंबनात पैसाच दिला नव्हता. तो केरळात आपल्या गावी अडकला, आजारी होता, तारीख पुढे मागत राहिला. खाणीने एकतर्फी चौकशी करून त्याला काढलं. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली ती बडतर्फी टिकू दिली नाही. उपाशी ठेवून चौकशीला बोलावणं म्हणजे न बोलावण्यासारखंच आहे, ही माझी ठाम धारणा आहे आणि त्या निकालाने तिला बळ दिलं.

चौकशी संपली की अहवालाची प्रत मागा. निर्णय घेण्याआधी ती द्यायलाच हवी, हे हैदराबादच्या ईसीआयएल कंपनीच्या खटल्यात १९९३ साली ठरलं आणि ते खासगी कारखान्यालाही लागू आहे. प्रत मिळाली की अहवालातली प्रत्येक चुकीची ओळ दाखवून उत्तर द्या. प्रत दिली नाही तेवढ्यावर बडतर्फी पडत नाही, न दिल्यामुळे तुमचं नुकसान काय झालं ते सांगावं लागतं. म्हणून उत्तरात काय म्हणणार होतो, ते तयार ठेवा.

शिक्षेबद्दल मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. अकरा वर्षांत एकही मेमो नसेल तर ते तुमचं मोठं बळ आहे. गुन्ह्याच्या मानाने शिक्षा फार असेल तर ती कमी करण्याचा अधिकार न्यायालयाला १९७१ पासून आहे, नव्या संहितेतही तो आला आहे. शिवीगाळीच्या एका प्रकरणात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी फार कठोर म्हणून रद्द केली. पण २००५ साली, महाराष्ट्रातल्याच एका वाहन कंपनीच्या प्रकरणात, वरिष्ठाला घाणेरड्या शिव्या दिल्याबद्दलची बडतर्फी कायम ठेवली. तेव्हा ‘शिवीवरून कोणी काढत नाही’ असं कोणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. तुम्ही शिवी दिली नाही ना? मग तेच सिद्ध करायला बसा. आवाज चढवल्याचं मात्र लपवू नका. एवढं खरं सांगणाऱ्या माणसाचं बाकीचंही खरं वाटतं.

• • •

प्रश्न : मी एका सहकारी साखर कारखान्यात अधिकारी आहे. वजनकाट्यावरच्या क्लार्कने खोट्या वजनाच्या पावत्या केल्याचं उघड झालं. सुरक्षा केबिनमध्ये त्याने माझ्यासमोर कबुलीजबाब लिहून दिला. आता त्याच प्रकरणात मला चौकशी अधिकारी नेमलं आहे. वरून निरोप आहे, आठ दिवसांत अहवाल द्या, हंगाम चालू आहे. कबुली असताना चौकशीची गरज आहे का?

उत्तर : साहेब, सर्वांत आधी ही नेमणूक लेखी नाकारा. कबुली तुमच्यासमोर झाली, म्हणजे तुम्ही साक्षीदार आहात. साक्षीदार आणि न्याय करणारा एकच माणूस असला तर पुढचं सगळं काम वाया जातं, वरचं चहामळ्याचं उदाहरण वाचा. तुम्ही वाईट हेतूने बसाल असं मी म्हणत नाही. उलट तुम्ही पत्र लिहून विचारलंत, याचा मला आदर वाटतो. कारणही तेच लिहा : ‘मी या घटनेचा साक्षीदार आहे.’ एवढं कारण कोणालाही नाकारता येणार नाही.

कबुलीचं असं आहे. क्लार्कने चौकशीत, आरोप समजून घेऊन, बिनशर्त मान्य केलं तर लांबलचक पुराव्याची गरज उरत नाही. पण केबिनमध्ये, दार लावून, दोन सुरक्षारक्षक उभे असताना लिहिलेला कागद वेगळा. उद्या तो म्हणाला की दबावाखाली लिहून घेतलं, तर तो कागद कोणासमोर, कोणत्या परिस्थितीत झाला हे साक्षीदारांनी येऊन सांगावं लागेल, म्हणजे तुम्हीही आलात, आणि त्याला तुमची उलटतपासणी घेता आली पाहिजे. कारखान्याकडे भक्कम कागद असणार : भरलेल्या आणि रिकाम्या वाहनांची वजनं, पावत्यांची बुकं, संगणकातल्या नोंदी, शेतकी विभागाचे ऊसतोडीचे कागद. ते मांडा. फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा इथे लागत नाही, शक्यतेचं पारडं कुठे झुकतं एवढं पाहिलं जातं. काट्यावरच्या अफरातफरीला न्यायालयं हलकं घेत नाहीत. नीट चौकशी करून काढलं तर निर्णय टिकतो. तेव्हा घाई करून स्वतःचीच बाजू कच्ची करण्याचं कारण काय?

आणि आठ दिवसांच्या निरोपाबद्दल. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या कायद्यात चौथी अनुसूची आहे. नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून किंवा अवाजवी घाईने चौकशी उरकून कामगाराला काढणं, हे त्यात अनुचित प्रथा म्हणून लिहिलंय. तसाच मजकूर केंद्राच्या कायद्यात होता आणि संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीतही आहे. घाई स्वतःच दोष ठरते.

पण मला सर्वांत जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. खोट्या पावत्यांचा पैसा एकट्या क्लार्कच्या खिशात जातो, असं क्वचितच असतं. कोणाच्या नावावर ऊस चढला, बिल कोणी उचललं, पावत्या तपासणारा कोण होता? ज्या शेतकऱ्याने वर्षभर राबून खरा ऊस आणला, त्याच्या पैशातून ही चोरी झाली आहे. त्याला हे सगळं कळण्याचा हक्क आहे. क्लार्कला बोलू दिलंत, साक्षीदार तपासू दिलेत, तर नावं बाहेर येतील. एका कबुलीवर आठ दिवसांत फाइल मिटली तर ती नावं कायमची झाकली जातील. चौकशीचा नियम गुन्हेगाराला सोडवण्यासाठी आहे असं समजणाऱ्यांनी याचा विचार करावा.

• • •

प्रश्न : मी सिन्नरला पॅकिंगमध्ये काम करते, सहा वर्षं. टायफॉईड झाला, मोठ्या भावाबरोबर चिठ्ठी पाठवली होती, ती गेटवर घेतली पण पोच दिली नाही. तीन आठवड्यांनी गेले तर म्हणाले, दहा दिवसांपेक्षा जास्त गैरहजर, तुझं नाव आपोआप कमी झालं. चौकशी नाही, पत्र नाही. काही होऊ शकतं का?

उत्तर : ताई, होऊ शकतं. नाव ‘आपोआप’ कमी होत नाही. हरियाणातल्या एका कारखान्याच्या स्थायी आदेशातही आठ दिवसांहून जास्त गैरहजर राहिल्यास नोकरी गेली असं कलम होतं. कामगाराचं म्हणणं होतं की त्याला गेटवरच अडवलं. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असं कलम असलं तरी त्या माणसाला ऐकून घ्यावंच लागेल, कारण नोकरीवर त्याचं जगणं अवलंबून आहे. त्याला कामावर परत घ्यायला लावलं आणि निम्मा मागचा पगार दिला.

आजच एक पत्र लिहा. आजाराच्या तारखा, डॉक्टरांचा दाखला, रक्ततपासणीचा रिपोर्ट, भावाने चिठ्ठी कधी नेली, कोणत्या दिवशी तुम्ही कामावर गेलात आणि कोणी परत पाठवलं, हे सगळं लिहा. शेवटी ‘मी कामावर हजर व्हायला तयार आहे’ हे वाक्य हवंच. स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपा, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. मूळ दाखले देऊ नका, झेरॉक्स द्या. पत्रानंतरही आत घेतलं नाही तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करा.

मुदतीचं नीट ऐका. समेट झाला नाही तर थेट कामगार न्यायालयात जायला पूर्वीच्या कायद्यात तीन वर्षं असायची, संहितेत समेटासाठी दोनच वर्षं आहेत. राज्याच्या १९७१ च्या कायद्यात तक्रारीला ९० दिवस आहेत. तुम्ही ९० दिवसच धरून चाला. बायका घरचं सगळं उरकून मग स्वतःच्या कामाला लागतात आणि मुदत निघून जाते, असं मी फार पाहिलंय.

या काळात दुसरीकडे काम शोधत असाल तर कुठे कुठे विचारलंत ते लिहून ठेवा. औरंगाबादच्या एका शिक्षिकेला संस्थेने २००७ मध्ये काढलं होतं. न्यायाधिकरणाने परत घ्यायला लावलं, पण मागचा पगार उच्च न्यायालयाने नाकारला. ऑगस्ट २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पूर्ण मिळवून दिला. कामावरून बेकायदा काढलेल्या माणसाने आपण दुसरीकडे कमावत नव्हतो एवढं सांगावं, ते खोटं आहे हे मालकाने सिद्ध करावं, असा त्या निकालाचा रोख आहे. पोटासाठी मजुरी केलीत तर तीही खरी खरी सांगा, त्याने हक्क बुडत नाही.

• • •

प्रश्न : हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत आहे. काल मीटिंग रूममध्ये दीड तास बसवून राजीनामा लिहून घेतला. ‘दिला नाहीस तर काढून टाकू आणि अनुभवपत्र खराब देऊ’ असं एचआरने सांगितलं. माझ्यासारख्याला कामगार कायदा लागू होतो का?

उत्तर : पदनाम काय आहे यावर ते ठरत नाही, रोज प्रत्यक्षात काय काम करता यावर ठरतं. तांत्रिक आणि कुशल काम कामगाराच्या व्याख्येत येतं. व्यवस्थापकीय काम येत नाही, आणि देखरेखीचं काम करणाऱ्याचं वेतन महिना १८,००० रुपयांच्या वर असेल तर तोही बाहेर पडतो. तुमच्या हाताखाली माणसं आहेत का, त्यांची रजा तुम्ही मंजूर करता का, की दिवसभर कोडच लिहिता, हे वकिलाला तपशिलात सांगा.

पण ते उद्या. आज रात्रीच, राजीनामा स्वीकारल्याचं पत्र येण्याआधी, ईमेल करा : कोणत्या वेळी बोलावलं, खोलीत कोण होतं, काय म्हणाले, राजीनामा स्वेच्छेने दिलेला नाही, तो मागे घेत आहे आणि उद्या कामावर येत आहे. स्वतःच्या खासगी ईमेलवरून पाठवा, कारण ऑफिसचा ईमेल कोणत्याही क्षणी बंद होईल. पगाराच्या पावत्या आणि कामाच्या मूल्यमापनाची तुम्हाला मिळालेली पत्रं एकत्र करा, कंपनीची गोपनीय माहिती मात्र डाउनलोड करू नका, नाहीतर तोच तुमच्यावरचा पहिला आरोप होईल. सकाळी गेटवर कार्ड चाललं नाही तर तिथूनच, वेळ टाकून, दुसरा ईमेल करा.